अनोळखी माणसाचा घोडा : परक्याकडून वाहन घेताना पैसे कोणाच्या हाती द्यावेत? (थ्रेड)

पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या गादीवर साळुव नरसिंह होता. होर्मुझ आणि एडनहून येणाऱ्या घोड्यांची त्याला इतकी निकड होती, की त्याने व्यापाऱ्यांपुढे एक विलक्षण करार ठेवला. घोडा जिवंत असो वा मेलेला, एक हजार परदावांना तीन या दराने तो विकत घेतला जाईल. वाटेत समुद्रात घोडा मेला, तर व्यापाऱ्याने त्याची नुसती शेपटी आणून दाखवावी आणि घोडा जिवंत असल्याप्रमाणे पैसे घेऊन जावेत. परदाव हे सोन्याचे नाणे, आपल्याकडच्या होनाच्या जातीचे. ही हकिकत लिहून ठेवली आहे फर्नाव नुनीज या पोर्तुगिजाने. तो स्वतः घोड्यांचा व्यापारी होता आणि १५३५ च्या सुमारास विजयनगरात राहिला होता. शेपटीचा हिशेब त्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

हा व्यवहार आज वेडगळ वाटतो, पण त्यामागचा विचार अगदी स्पष्ट आहे. परक्या मुलखातला विक्रेता, न पाहिलेला माल आणि मधला धोक्याचा प्रवास अशा व्यवहारात जोखीम कोणीतरी उचलावीच लागते. नरसिंहाने ती स्वतःच्या अंगावर घेतली, कारण त्याच्याजवळ खजिना होता आणि दारात घोडा नसला तर राज्य जाण्याची भीती होती. सामान्य गिऱ्हाइकाला अशी चैन परवडत नाही. वर्षानुवर्षे साठवलेले तीन-चार लाख रुपये घेऊन जुनी गाडी शोधणाऱ्या आजच्या तरुणाला तर नाहीच. शेपटी पाहून पैसे देणे त्याच्या नशिबी येते ते इच्छेने नव्हे, फसवणुकीने. त्याला मोबाइलवर गाडीचे चार फोटो दिसतात, त्यावर तो रक्कम पाठवतो आणि मागे फोटोच उरतात.

जुन्या गाडीची तुलना घोड्याशी करणे हा केवळ अलंकार नाही. मोटार येण्यापूर्वी जे चालते, महाग असते, चोरता येते, ज्याचे रूप बदलता येते आणि ज्याचे दोष अंगात लपलेले असतात, असे बाजारातले मुख्य वाहन म्हणजे घोडाच होता. दात पाहून वय ओळखायचे, तर दात घासून वय लपवणारे होते; आज मीटर मागे फिरवणारे आहेत. आणि घोड्याच्या खरेदीतला सर्वांत मोठा प्रश्न त्याच्या चालीचा नव्हता. तो विकणारा त्याचा मालक आहे का, हा होता.

भारतीय धर्मशास्त्राने या प्रश्नाला स्वतंत्र नाव दिले आहे : अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री. मनुस्मृतीत वादांचे जे अठरा विषय मोजले आहेत, त्यांतील हा एक. याज्ञवल्क्यस्मृतीतही त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. या स्मृतीवरची सर्वांत प्रसिद्ध टीका, विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’, दख्खनमध्येच लिहिली गेली. चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात, त्याच्या कल्याणी या राजधानीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे. मिताक्षरेचे नाव आज बहुतेकांना फक्त वारसाहक्काच्या दाव्यांमुळे ठाऊक असते. त्या ग्रंथात बाजारपेठेचा किती बारीक विचार आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

याज्ञवल्क्य सांगतो, की चार प्रकारे घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार स्वतःच चोर समजला जाईल. पहिला प्रकार एकांतात, गुपचूप घेतलेल्या वस्तूचा. दुसरा, अगदी हलक्या किमतीत घेतलेल्या वस्तूचा. तिसरा, भलत्या वेळी घेतलेल्या वस्तूचा. आणि चौथा, ‘हीन’ माणसाकडून घेतलेल्या वस्तूचा. या ‘हीन’ शब्दापाशी विज्ञानेश्वराची टीका उपयोगी पडते. हीन म्हणजे हलक्या कुळातला, असा अर्थ तो घेत नाही. ज्याच्याकडे ती वस्तू येण्याचा काही रास्त मार्गच दिसत नाही, असा माणूस, असा अर्थ तो करतो. थोडक्यात प्रश्न जातीचा नाही, मिळकतीचा आहे : या माणसापाशी हा घोडा आला कुठून?

कित्येक शतकांपूर्वीची ही चार लक्षणे आजच्या एखाद्या बनावट जाहिरातीशेजारी ठेवून पाहावीत. बाजारात पाच लाखांना जाणारी गाडी अडीच लाखांत. विक्रेता संकेतस्थळाच्या संदेशपेटीतून बाहेर पडून खासगी क्रमांकावर बोलण्याचा आग्रह धरतो. ‘आज रात्रीच टोकन टाका, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ अशी घाई. आणि गाडी त्याच्याकडे कशी आली, याचे उत्तर नेहमी एका गोष्टीच्या रूपात येते. भारतात गेली काही वर्षे ही गोष्ट बहुधा लष्करी गणवेश घालून येते. विक्रेता जवान असल्याचे सांगतो, अचानक बदली झाली म्हणतो, ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटो पाठवतो; गाडी छावणीत आहे, म्हणून आत येऊन पाहता येणार नाही, पण लष्कराच्या वाहतुकीने घरपोच मिळेल, असे सांगतो. राज्याराज्यांच्या पोलिसांनी या पद्धतीबद्दल वारंवार सावध केले आहे. अमेरिकेतही हीच कथा परदेशी नेमणूक झालेल्या सैनिकाच्या नावाने फिरत आली आहे. ‘हीन’ या लक्षणावर उतारा म्हणूनच हा गणवेश निवडलेला असतो. सैनिकाकडे गाडी असणे स्वाभाविक, तो ती घाईने विकणेही स्वाभाविक आणि त्याच्यावर शंका घेणे मात्र संकोचाचे.

पण स्मृतिकारांची खरी मार्मिकता पुढे आहे. चोरीची वस्तू सापडली, तर घेणाऱ्याने काय करायचे? त्याने विक्रेता दाखवायचा. विक्रेता समोर उभा केला, की खरेदीदार शुद्ध झाला. मग वस्तू मूळ मालकाकडे जाते, दंड राजाकडे आणि खरेदीदाराचे पैसे विक्रेत्याकडून परत. विक्रेता दाखवता आला नाही, पण खरेदी भर बाजारात, चार लोकांदेखत झालेली असली, तर मनूच्या मते खरेदीदाराला शिक्षा होत नाही. वस्तू मात्र मूळ मालकाचीच राहते. म्हणजे प्रामाणिक गिऱ्हाइकाची अब्रू वाचते, पैसा वाचत नाही. म्हणून पैशाचे सगळे संरक्षण एका गोष्टीवर येऊन ठेपते : उद्या हा विक्रेता दाखवता येईल का?

हा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला, की पुढच्या काळातल्या बहुतेक व्यवस्थांचा अर्थ लागतो. त्या सर्वांत दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक तिसरा उभा आहे. कधी साक्षीदार, कधी दलाल, कधी सावकार, कधी टपालवाला, कधी सरकारी नोंदवही. नाणे सोन्याचे होते की चांदीचे, कागदाचे की मोबाइलवरच्या आकड्यांचे, याने व्यवहार सुरक्षित झाला नाही. तो सुरक्षित झाला असेल तर या तिसऱ्यामुळे. आणि फसवणूकही बहुतेक वेळा तिथेच झाली आहे.

दलालाचेच पाहा. अलाउद्दीन खिलजीच्या बाजारनियंत्रणाची हकिकत झियाउद्दीन बरनीने लिहिली आहे. तीत धान्य आणि कापडाइतकाच घोड्यांचा बाजार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०, असे दर त्याने बांधून दिले. पण नुसते दर बांधून भागले नाही. घोड्यांचे मोठे दलाल हेच बाजाराचे खरे धनी बनले होते आणि घेणारा-विकणारा दोघांकडूनही ते पैसे खात, अशी बरनीची तक्रार आहे. सुलतानाने त्यांच्यावर कडक शिक्षांचा बडगा उगारला, तेव्हा कुठे भाव उतरले. दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

त्याच सुलतानाने सैन्यातील घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे वर्णन नोंदवण्याची पद्धत लावली. हजेरीला चांगला घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर मरतुकडा न्यायचा, ही लबाडी मोडणे हा तिचा हेतू होता. गिऱ्हाइकाचे रक्षण नव्हे. तरी कल्पना तीच आहे, जी आज गाडीच्या चॅसीवर ठोकलेल्या क्रमांकात दिसते. वस्तूच्या अंगावर एक खूण, कागदावर तीच खूण आणि दोन्ही जुळतात का हे पाहणारा तिसरा. १९८१ पासून अमेरिकेत हा क्रमांक सतरा अक्षरांचा ठरला आणि पुढे जगभर तोच नमुना रूढ झाला. गाडी पाहायला जाणारे शंभरातले किती जण वाकून तो क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहतात, हा वेगळा प्रश्न.

महाराष्ट्रातल्या जनावरांच्या बाजारात या तिसऱ्याचे एक सुंदर रूप अजून पाहायला मिळते. तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारात जुन्या पद्धतीचे दलाल उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. भोवती गर्दी असते, भाव मात्र कोणालाच कळत नाही. याज्ञवल्क्याने निषेधलेला एकांत हा नव्हे. इथे भाव गुप्त असतो, विक्री उघड असते. जनावर कोणाचे होते आणि कोणी नेले, हे सगळा बाजार पाहतो. आंतरजालावरच्या बनावट जाहिरातीत नेमके उलटे आहे : किंमत साऱ्या जगाला दिसते आणि व्यवहार दोघांच्या फोनमध्ये अंधारात होतो.

उघड्या बाजाराचे हे महत्त्व इंग्लंडनेही ओळखले होते. निष्कर्ष मात्र वेगळा काढला. तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे रीतसर भरलेल्या खुल्या बाजारात कोणी प्रामाणिकपणे वस्तू घेतली, तर ती चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राही. मूळ मालकाने हात चोळत बसावे. याचा फायदा घोडेचोरांनी घेतला नसता तरच नवल. एका परगण्यात घोडा चोरायचा, दूरच्या जत्रेत विकायचा, की मालकी धुऊन निघाली. म्हणून इंग्लंडच्या संसदेला १५५५ आणि १५८९ मध्ये खास घोड्यांसाठी कायदे करावे लागले. घोडा जत्रेत निदान तासभर उघड्यावर उभा केला पाहिजे, तोही दिवसाउजेडी. विक्रीची नोंद जकातदाराच्या वहीत झाली पाहिजे, घोड्याच्या रंगा-खुणांसह. १५८९ च्या कायद्याने त्यात एक मर्मभेदी अट घातली. विक्रेता जकातदाराच्या ओळखीचा असला पाहिजे, नाहीतर त्याने जकातदाराच्या ओळखीचा एखादा विश्वासू माणूस हमीसाठी आणला पाहिजे. एवढे करूनही घोडा चोरीचा निघाला, तर मूळ मालकाला सहा महिन्यांच्या आत, खरेदीदाराने दिलेली किंमत भरून तो परत घेता येई.

या तरतुदीत हमीदार विक्रेत्याने आणायचा, पण तो ओळखायचा जकातदाराने. विक्रेत्याने आणलेला साक्षीदार खरेदीदाराने केवळ त्याच्या शब्दावर मान्य करायचा, असे त्यात नाही. खुल्या बाजाराचा तो जुना नियम इंग्लंडने अखेर १९९४ च्या कायद्याने रद्द केला. ३ जानेवारी १९९५ पासून तो इतिहासजमा झाला. भारतात तो कधी आलाच नाही. १९३० चा मालविक्री कायदा इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला असूनही त्यात हा नियम घेतलेला नाही. कलम २७ चे मूळ तत्त्व असे, की विक्रेत्याला स्वतःला जो हक्क नाही, तो खरेदीदाराला मिळत नाही. अपवाद आहेत, पण थोडे. तेव्हा चोरीची गाडी पुरे पैसे मोजून, पावती घेऊन, प्रामाणिकपणे घेतली तरी ती सामान्यतः मूळ मालकाची. इथे भारतीय कायदा मनूच्या शेजारी उभा आहे, इंग्लंडच्या जत्रेत नाही. पैसे सुखरूप पोहोचले म्हणजे व्यवहार सुखरूप झाला, या समजाला इथेच तडा जातो.

पैसे सुखरूप पोहोचवण्याची कला तर या देशाला फार पूर्वीच साधली होती. सतराव्या-अठराव्या शतकांत सुरतेपासून आग्ऱ्यापर्यंत आणि पुण्यापासून काशीपर्यंत रकमा हुंडीने फिरत. सुजानराय या लेखकाने १६९५ च्या सुमारास ‘खुलासतुत्तवारीख’मध्ये सराफांच्या सचोटीची तोंडभरून स्तुती केली आहे. अगदी परका माणूसही साक्षीदाराविना मोठी रक्कम ठेव म्हणून देतो आणि मागेल तेव्हा ती परत मिळते, असे तो सांगतो. स्तुती थोडी चढवलेली असेल. पण ज्या यंत्रणेवर ती उभी आहे, ती खरीच मजबूत होती.

हुंडी ही फसवणुकीच्या शक्यता एकेक करून मोजून बनवलेली वस्तू आहे. आकड्यात खाडाखोड होऊ नये म्हणून रक्कम लिहिताना तिची निमपटही लिहीत : रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर परपेठ आणि त्यानंतर मेजरनामा. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. नाव घातलेल्या माणसालाच द्यायचे ती नामजोग.

या सगळ्यांत सर्वांत चतुर म्हणजे शहाजोग हुंडी. तिचे पैसे वाटेल त्या हुंडी घेऊन येणाऱ्याला मिळत नसत. ते फक्त ‘शहा’ला, म्हणजे पेठेत पत असलेल्या सावकाराला मिळत. समजा, हुंडी चोराच्या हाती पडली. ती वटवायची तर त्याला कोणातरी प्रतिष्ठित सावकाराकडे जावे लागणार. तो सावकार विचारणार, तू कोण? आणि त्याने न विचारता ती वटवली, तर उद्या पैसे परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येणार. म्हणजे ‘विक्रेता दाखवता यावा’ ही स्मृतिकारांची अट इथे पैशाच्या मार्गातच बसवली आहे. पैसा अशाच हातातून जाईल, ज्याला उद्या बोलावता येते. मराठीत ‘साळसूद’ या अर्थाने ‘शहाजोग’ म्हणून कोणाला टोमणा मारणाऱ्यांना या शब्दामागची पेठेतली पत क्वचितच आठवते.

दुसरी चतुराई जोखमी हुंडीत आहे. ती पाठवलेल्या मालावर काढली जाई. माल पोहोचला तरच पैसे. वाटेत बुडाला तर हुंडी धारण करणाऱ्याचे नुकसान. त्या जोखमीचा मोबदला तिच्या किमतीत आधीच धरलेला असे. हुंडी आणि विमा असे दोन्ही एकाच कागदात. नरसिंहाच्या शेपटीचा हा व्यापारी उलटा आरसा म्हणता येईल. तिथे माल मेला तरी पैसे घेणाऱ्याने मोजायचे. इथे माल पोहोचल्याखेरीज त्याने पैसे द्यायचेच नाहीत, आणि मधली भीती एका तिसऱ्याने विकत घ्यायची. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही, यावरून त्या किती मुरलेल्या होत्या हे कळते.

ब्रिटिश काळात सामान्य माणसाच्या वाट्याला आलेला तिसरा म्हणजे पोस्टमन. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही.पी.ची, म्हणजे मूल्यदेय टपालाची, सोय काढली. गिऱ्हाइकाने पार्सल घेताना पोस्टमनला पैसे द्यायचे आणि टपालखात्याने ते विक्रेत्याला पोचवायचे. गावोगावच्या वाचकांनी व्ही.पी.ने पुस्तके मागवली, औषधे मागवली, घड्याळे मागवली. परंतु हा तिसरा डोळे मिटून उभा होता. पार्सलात घड्याळ आहे की वीट, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पैसा आणि वस्तू एकाच क्षणी हात बदलत, एवढीच त्याची हमी. तीही थोडी नव्हे. पण गाडीसारखी वस्तू, जिची खरी किंमत कागदावरच्या नावात आहे, तिला ही हमी पुरत नाही.

आंतरजालाने बाजार पुन्हा परक्यांचा केला, आणि या वेळी तिसऱ्याला जागाच उरली नाही. १९९५ मध्ये ईबे सुरू झाले, तेव्हा अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेले शेरे हीच तिथली पत होती. महागड्या वस्तूंना ती अपुरी पडली, म्हणून आंतरजालावर एस्क्रोच्या सेवा उभ्या राहिल्या. एस्क्रो हा शब्द जुना आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चर्मपत्राची गुंडाळी. अटी पुऱ्या होईपर्यंत तिऱ्हाइताकडे ठेवलेला दस्त. घेणारा तिऱ्हाइताकडे पैसे ठेवतो, माल पाहून मान्य करतो, मग तिऱ्हाईत ते विक्रेत्याला देतो. जोखमी हुंडीचे हे दूरचे भावंडच.

ठकांनी मग काय केले? त्यांनी तिऱ्हाईतच बनवला. खऱ्या एस्क्रो कंपनीसारखे दिसणारे संकेतस्थळ, तसेच बोधचिन्ह, तसाच पावतीचा नमुना. पत्ता तेवढा एका अक्षराने वेगळा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ‘तुमची खरेदी संरक्षित आहे’ असे सांगणारी बनावट पत्रे नामांकित संकेतस्थळांच्या नावाने जाऊ लागली आणि अमेरिकेच्या एफबीआयला त्याबद्दल अनेकदा जाहीर इशारे द्यावे लागले. या प्रत्येक फसवणुकीत तिसरा कोणी सुचवला हे पाहिले, तर उत्तर एकच येते : विक्रेत्याने. १५८९ चा जकातदार असा हमीदार वहीत लिहूनच घेता ना.

भारतातली फसवणूक याहून साधी असते, कारण पैसा फार झटपट जातो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ झाला आणि काही वर्षांत चहाच्या टपरीपासून गाडीच्या टोकनपर्यंत सगळे एका पिनवर आले. इथे एक साधी गोष्ट हजारो लोक विसरतात. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो. घेताना कधीच नाही. ‘टोकन परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा परत देत नसतो, पुन्हा घेत असतो. दुसऱ्याच्या खात्यातून पैशाची मागणी पाठवण्याची सोय याच कामी इतकी वापरली गेली, की व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. हुंडीची पेठ, परपेठ, शहा, मुदत या सगळ्या गोष्टी व्यवहार सावकाश करणाऱ्या होत्या. त्या संथपणात चूक सापडायला वेळ मिळे. आज तो वेळ उरलेला नाही. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते.

तरीही आजच्या खरेदीदाराजवळ एक तिसरा असा आहे, जो नरसिंहाजवळही नव्हता आणि अलाउद्दीनजवळही. तो म्हणजे परिवहन खात्याची नोंद. ‘वाहन’ या सरकारी नोंदणीत गाडीचा क्रमांक घातला, की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंतचा, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. मालकाचे नाव काही अक्षरे झाकून येते, पण ताडून पाहण्यापुरते ते पुरते. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ यांच्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ सुद्धा. विक्रेत्याने स्वतः सही केलेले हे कागद म्हणजे जकातदाराच्या वहीतली नोंद.

आणि शहाजोग हुंडीचे तत्त्वही अलीकडे परत आले आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांना करावी लागली. तेव्हा आरसीवर नाव एकाचे, ओळखपत्रावर तेच आणि खात्यावर मात्र ‘मेहुण्याचे’ किंवा ‘कंपनीच्या अकाउंटंटचे’ असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मोठी रक्कम बँकेच्या मार्गाने, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात. इसार द्यायचा तर गाडी, चॅसी क्रमांक आणि माणूस प्रत्यक्ष पाहिल्यावर, थोडा आणि इसारपावती घेऊन. उरलेली रक्कम नमुन्यांवर सह्या होताना, शक्य तर विक्रेत्याच्या बँकेत किंवा आरटीओच्या आवारात. रोखीचा मोह विक्रेत्याला असतो, पण दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली आहे. बँकेने काढलेला डिमांड ड्राफ्टही बनावट असू शकतो, म्हणून विक्रेत्यानेही तो काढणाऱ्या शाखेकडून पडताळून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

विक्रेत्याचा धोका इतिहासात थोडा दुर्लक्षितच राहिला; स्मृतिकारांची सहानुभूती खरेदीदार आणि मूळ मालक यांच्यातच वाटली गेली. मोटारीच्या काळात तो ठळक झाला. पैसे मिळाले, गाडी गेली, पण नोंदीत नाव तसेच राहिले, तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात हातोहात पुढे विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहते. १९८८ च्या कायद्याप्रमाणे त्याच राज्यातल्या विक्रीची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत द्यायची असते. ‘नाव नंतर बदलून घेऊ’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य या दोन तरतुदींमध्ये सापडून अनेकांना महागात पडले आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्या पेढ्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायला लावणारे नियम डिसेंबर २०२२ मध्ये निघाले, त्यामागेही ही मधली अंधारी जागाच होती.

ती जागा पूर्ण बुजलेली नाही. पैसे एका मिनिटात जातात; आरसीवरचे नाव बदलायला दिवस, कधी आठवडे लागतात. या मधल्या काळासाठी जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या काही कंपन्यांनी आता एक रीत पाडली आहे. विक्रेत्याला बहुतेक रक्कम लगेच द्यायची आणि थोडा भाग आरसी नव्या नावावर होईपर्यंत रोखून ठेवायचा. दोन खासगी व्यक्तींनाही इसारपावतीवर हीच अट लिहून घेता येते : इतके हजार रुपये, नोंद बदलल्याचा दाखला मिळाल्यावर. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या मुनिमाला या अटीत वेगळे काही समजावून सांगावे लागले नसते.